वेबसाइटची चाचणी चक्क मराठीत लिहिता येते!

क्युकंबर हे चाचणीचं मोफत साधन ज्या गर्किन भाषेत प्रसंग वाचतं, तिच्यात मराठी शब्दही आहेत. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याचं सांगायचं, मग ‘वैशिष्ट्य’ आणि ‘परिदृश्य’ या ओळी लिहायच्या आणि पुढे:

जर गाडीत एकच जागा शिल्लक असेल
जेव्हा दोन प्रवासी एकदमच पैसे भरतात
मग तिकीट एकालाच मिळतं
आणि दुसऱ्याचे पैसे परत जातात

प्रत्येक ओळीमागे प्रोग्रॅमर थोडा कोड जोडतो. तो कोड सेलेनियम किंवा प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या साधनांकडून ब्राउझर उघडून घेतो, बटणं दाबतो, निकाल तपासतो. सेलेनियम २००४ मध्ये शिकागोत जेसन हगिन्स यांनी सुरू केलं. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट २०२० चं.

‘लॉगिन चालतं का’ हे तपासणं सोपं. खरी गंमत अशा आडवळणाच्या प्रसंगांत आहे: पैसे कापले गेले आणि नेट गेलं, मधेच कुणी बॅक दाबलं. हे प्रसंग कागदावर आणायला कोड यावा लागत नाही, तिकीट काउंटरवरचा अनुभवी माणूस ते जास्त चांगले सांगतो. म्हणून मला ही पद्धत फार आवडते.

नवशिक्यांनो, एक कळकळीचं सांगणं. पान यायला वेळ लागतो म्हणून कोडमध्ये ‘पाच सेकंद थांब’ असं लिहू नका. सर्व्हर मंदावला की तीच चाचणी उगाच नापास होते, मग टीम लाल निकालांकडे दुर्लक्ष करायला लागते. बटण दिसेपर्यंत, दाबता येईपर्यंत थांबायला सांगा. प्लेराइट हे आपणहून करतं, सेलेनियममध्ये तशी अट लिहावी लागते.