पाय दाखवायचे कोणाला?

दात दुखला की कोणाकडे जायचं, चष्म्याचा नंबर कोणाकडून काढायचा, हे नागपुरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पायाला कुरूप झालं तर मात्र औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणायची, नाहीतर ब्लेडनं ते घरीच तासायचं, ही रीत. ब्रिटन-अमेरिकेत नखं, घट्टे, टाच, चाल या सगळ्यांकडे बघणारा पोडियाट्रिस्ट हा वेगळा व्यावसायिक असतो. आपल्याकडे असे लोक फारच कमी, आणि असले तरी ती पैसेवाल्यांची चैन वाटते. खरं तर त्यांची सर्वांत जास्त गरज असलेले मधुमेही आपल्याच घरात आहेत, आणि अशा पायांची राखण कशी करायची हे विदर्भात फार पूर्वीपासून माहीत आहे.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, आग होते, मग काहीच कळेनासं होतं. चपलेत गेलेला खडा दिवसभर टोचत नाही. नवरात्रात कोराडीच्या देवळापर्यंत अनवाणी जाणाऱ्याला फोड आल्याचं कळत नाही. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर तळवा भाजला तरी कळत नाही. कुरूप त्याहून फसवं. ते कडक होऊन आतल्या मांसावर दाबत राहतं, खाली रक्त साकळतं, आणि वरची कातडी धड दिसत असतानाच आत जखम झालेली असते. त्यात रक्तपुरवठा कमी असला की जखम चिघळते आणि बोट, कधी अख्खा पाय गमवावा लागतो. दुखतच नाही, मग दवाखान्यात जायचं कशाला? सगळी मेख इथे आहे.

हेच कोडं पूर्वी विदर्भाला कुष्ठरोगानं घातलं होतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, वर्ध्यातच १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग फाउंडेशन उभं राहिलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन झालं. कुष्ठरोग्याची बोटं रोगानं सडून गळतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की संवेदना गेल्यामुळे माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, आणि पाय त्यानं झिजतो. उपायही साधे निघाले: रोज तळवा पाहणं, पाय भिजवून तेल लावणं, जखमेवरचा भार प्लास्टरनं काढून घेणं, मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत गेले आणि तेच ज्ञान पुढे मधुमेहींच्या कामी आलं. आज परदेशी शास्त्र म्हणून जे आपल्यापुढे येतं, त्यातलं बरंचसं भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या पायांवरच सिद्ध झालेलं आहे.

सर्जन आहेत, हाडांचे डॉक्टर आहेत, मग आणखी एक तज्ज्ञ कशाला, असा आक्षेप कोणीही घेईल. पण सर्जनकडे पाय पोहोचतो तो जखम झाल्यावर. आणि गर्दीच्या ओपीडीत साखरेचा रिपोर्ट पाहिला जातो, चपला-मोजे क्वचितच काढायला लावले जातात. पाया पडण्याची रीत घरोघर आहे, तळवा उलटून पाहण्याची नाही. खर्चाचा आक्षेपही टिकत नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचा आणि 'लागतंय का?' विचारायचं, एवढीच प्राथमिक तपासणी. काही मिनिटांत होणारं हे काम परिचारिकाही शिकू शकते. पाय कापल्यावरचं इस्पितळ, बुडालेली मजुरी आणि कृत्रिम पाय यांच्यापुढे तो खर्च नगण्य आहे. राहिला अनवाणी जाण्याच्या श्रद्धेचा प्रश्न. संवेदना गेलेल्या माणसानं मऊ चप्पल घालून दर्शनाला जावं, म्हणजे श्रद्धाही राहील आणि पायही.

संलग्न आरोग्यसेवांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात पोडियाट्रिस्टचा उल्लेख आहे. पण असे लोक पुरेसे तयार होईपर्यंत थांबायचं कारण नाही. नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही इस्पितळं आणि महापालिकेचे दवाखाने यांच्या मधुमेह ओपीडीत पाय पाहणारा एक शिकवलेला माणूस आणि मऊ चपला बनवणारा एक कारागीर नेमणं आजही शक्य आहे. कुष्ठरोग्यांसाठी विदर्भानं हे तुटपुंज्या पैशात केलं. मधुमेहींसाठी ते परवडत नाही, असं आजच्या नागपूरला म्हणता येणार नाही.