सहा लाखांचं पॅकेज, मग हातात पन्नास हजार का येत नाहीत?

चिखलीहून मामाचा फोन आला. मामेभावाला पुण्यात सहा लाखांच्या पॅकेजची ऑफर मिळाली होती. मामाचा पहिलाच प्रश्न, "म्हणजे महिन्याले पन्नास हजार भेटतीन ना?" याच हिशोबावर घराचा स्लॅब टाकायला ते १८ हजारांच्या हप्त्याचं कर्ज काढणार होते. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, आधी ऑफर लेटर व्हॉट्सअ‍ॅप करा.

भावाने तोवर प्ले स्टोअरवरून एक टेक-होम कॅल्क्युलेटर टाकला होता. त्यात फेडरल टॅक्स वेगळा, स्टेट टॅक्स वेगळा. असलं अ‍ॅप अमेरिकेसाठी असतं, ते सरळ अनइन्स्टॉल करा. आपल्याकडे पगारावरचा इन्कम टॅक्स फक्त केंद्र सरकार घेतं. राज्य घेतं तो प्रोफेशनल टॅक्स, आणि राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार तो वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. महाराष्ट्रात महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त पगार असेल तर २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००.

मग पैसे जातात कुठे? मित्रांनो, सीटीसी म्हणजे पगार नाही. कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च म्हणजे सीटीसी.

भावाच्या लेटरमध्ये बेसिक होतं वर्षाला ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ ३६,००० रुपये, तोही सहा लाखांतच धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. ती साधारणपणे पाच वर्षं नोकरी केल्यावरच मिळते. आणि ४८,००० व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून वर्षाअखेरीस मिळालं तर मिळालं. हे सगळं वजा केलं की उरतात ५,०१,५७०, महिन्याला साधारण ४१,८००. त्यातून भावाच्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला. हातात ३८,६००.

यात इन्कम टॅक्स किती? शून्य! २०२५-२६ च्या नव्या रेजीममध्ये नोकरदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं आणि त्यानंतरचं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे टॅक्स लागत नाही. म्हणजे पगार १२.७५ लाखांपर्यंत असेल तर काळजी नाही. त्यापुढे मात्र स्लॅब लागतात. पगार १५ लाख असेल तर ७५ हजार वजा जाऊन १४.२५ लाखांवर टॅक्स बसतो: पहिले ४ लाख मोकळे, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, उरलेल्या २.२५ लाखांवर १५ टक्के. झाले ९३,७५०. वर ४ टक्के सेस धरून ९७,५००, म्हणजे महिन्याला ८,१२५.

काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५ हजारांवरच कापतात, म्हणजे १,८००. भावाच्या कंपनीने तसं केलं असतं तर हातात साधारण ४१,००० आले असते. पण माझं मत विचाराल तर पीएफ वाया जात नाही, तो तुमचाच पैसा आहे. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून बघा, कंपनीचाही वाटा तिथे दिसेल.

पेस्लिप मात्र दर महिन्याला वाचा. मामेबहीण खामगावात एका ऑफिसात २२ हजारांवर काम करते. तिचे २०० रुपये दर महिन्याला कापले जात होते. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना प्रोफेशनल टॅक्स माफ आहे! तिने अकाउंटंटला दाखवलं, पुढच्या महिन्यापासून कपात बंद झाली.

मामाने कर्ज काढलं, पण हप्ता ११ हजारांचा ठेवला. पुण्यातलं रूमभाडं आणि मेस धरून भावाला तेवढंच झेपणार होतं. आता फेब्रुवारीत १०० रुपये कमी आले की त्याचा फोन येणार, हे मला माहीत आहे.