परमुलखातील दोन मोकळे दिवस

परदेशप्रवास म्हटला की बिरवाडीहून मुंबईस आणि मुंबईहून सातासमुद्रापलीकडे निघालेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु महाड-पोलादपूरच्या बाजूची जी कुटुंबे गेल्या पिढी-दीड पिढीत अमेरिकेत, विलायतेत किंवा आखातात जाऊन स्थिरावली, त्यांच्या मुलांच्या दृष्टीने ही दिशा नेमकी उलट असून, काळ नदीच्या खोऱ्यातील आमचे गाव हाच त्यांचा परमुलूख होय. कायद्याचे म्हणणेही फारसे निराळे नाही. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या मुलास त्या देशाच्या १८६८ सालच्या घटनादुरुस्तीन्वये तेथील नागरिकत्व प्राप्त होते, आणि मग आजीच्या ओटीवर येऊन बसण्यासाठीही त्यास व्हिसा अथवा ओसीआय कार्ड काढावे लागते. आखातातील गोष्ट वेगळी. तेथे जन्माने नागरिकत्व मिळत नाही, तथापि ३ डिसेंबर २००४ पासून परदेशी जन्मलेल्या अपत्याचे भारतीयत्व वकिलातीच्या दप्तरी वर्षाच्या आत, किंवा त्यानंतर केंद्र सरकारच्या परवानगीने, नोंद होण्यावर अवलंबून असल्यामुळे त्या मुलांच्या पालकांचीही दस्तऐवजांतून सुटका नसते.

एवढ्या सायासाने आणलेल्या मुलांना आपण पुढे कसे वागवतो, हा माझ्या आस्थेचा विषय आहे. नाताळच्या सुट्टीची जेमतेम दोन आठवड्यांची रजा, त्यात रायगड झाला पाहिजे, शिवथरघळ झाली पाहिजे, महाबळेश्वर चुकता कामा नये आणि मुंबईचे नातलग तर रुसूनच बसतील, अशा हिशेबाने आईबाप एकेक दिवस आधीच वाटून टाकतात. आणि मागच्या आसनावर पेंगणारे मूल मात्र खिडकीबाहेर सह्याद्री सरकत असताना एकाही डोंगराची ओळख न होता परत जाते. त्यात त्याचा दोष नाही. हिवाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते, आणि निद्रेचे व क्षुधेचे वेळापत्रक राखणारे मेंदूतील सूक्ष्म केंद्र मुख्यतः सूर्यप्रकाशाच्या आधारे, ढोबळमानाने दिवसाकाठी एकेक तासाने, नव्या मुलखाशी जुळते होत असल्यामुळे, मध्यरात्री दोन वाजता भुकेने टक्क जागे होणारे आणि भर दुपारी ताटावर डुलक्या घेणारे ते पोर हट्टी नसून केवळ अर्ध्या वाटेवर असते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की आल्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार कोणत्याही कार्यक्रमाविना, एकाच मुक्कामी आणि शक्य तितका उघड्यावर जाऊ द्यावा.

आठवड्याची सुट्टी ही वस्तू आपल्याकडे फुकटात आलेली नाही, हेही या निमित्ताने स्मरावे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मोकळा मिळावा म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे चळवळ केली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी ती मागणी मान्य झाली. आणि त्या गिरण्यांत राबणाऱ्या हातांत आमच्या कोकणचे हात थोडे नव्हते. इतक्या कष्टाने मिळवलेला मोकळा दिवस आपणच पुन्हा मिनिटामिनिटांनी भरून टाकावा, हे मला मुळीच मानवत नाही.

गेल्या हिवाळ्यात पुतण्याची दोन मुले आली, तेव्हा त्या शनिवारी आम्ही त्यांना फक्त वाळणकोंडावर नेले. काळ नदीच्या पात्रात काळ्या कातळामध्ये हा खोल डोह आहे. काठी वरदायिनीचे स्थान आहे, आणि डोहातील मासे देवीचे मानले जात असल्याने त्यांना कोणी गळ लावीत नाही. डोंगरावरील देवराई जशी कुऱ्हाडीपासून वाचली, तसाच हा डोह श्रद्धेने वाचला. मासे महसीर जातीचे, मोठ्या खवल्यांचे. मूठभर कुरमुरे पाण्यावर टाकले की आधी बोटाएवढी पिल्ले तुटून पडतात, मग खालच्या हिरव्या काळोखातून हातभर लांबीची धुडे सावकाश वर येतात, आणि त्यांच्या पाठी दिसू लागताच पिल्ले बाजूला होतात. पाण्यात उतरायचे नाही, एवढा एकच नियम आम्ही घातला होता, कारण डोह फसवा आहे. धाकटीने विचारले, “आजोबा, हे मासे कुणाचे?” मी म्हणालो, “देवीचे.” “मग त्यांना जेवायला कोण घालतं?” “आज तू घालतेस.” यावर तिने पुडीतील कुरमुरे एकेक करून टाकायला आरंभ केला, आणि ते संपेपर्यंत तिला तेथून उठवण्याचे कोणी मनातही आणले नाही.

रविवारी पोपटी लावली. भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर वाल येतो आणि थंडीत त्याच्या शेंगा भरतात, तेव्हाच हा बेत साधतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मग पुन्हा पाला दडपून तोंड घट्ट बंद करावयाचे, आणि मडके उपडे घालून भोवती पेंढा व काटक्या पेटवावयाच्या. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. मुलांनी पाला ओरबाडून आणला, हाताला लागलेला त्याचा उग्र वास पुन्हा पुन्हा हुंगला, आणि जाळ होईपर्यंत धुराबरोबर जागा बदलीत अंगणभर फिरली. मडके फुंकर घालीत उघडले, तेव्हा थोरल्याने शेंग सालीसकट चावली. ती कशी सोलावी हे त्याला शेजारच्या घरातील त्याच्याच वयाच्या मुलाने दाखवले. दोघांची भाषा पुरती जुळत नव्हती, काम मात्र अडले नाही. त्या रात्री दोन्ही मुले येथल्या घड्याळाप्रमाणे झोपली.

रायगड त्यानंतर झाला. दीड हजारांच्या घरातील त्या पायऱ्या पाहून पाळण्याने, म्हणजे रोपवेने, जाण्याचे ठरले. वर राजसदर, बाजारपेठ, समाधी ही सर्व स्थळे यथास्थित दाखवून झाली, ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाची हकिकत सांगून झाली. पण टकमक टोकाच्या बाजूने खालचे खोरे उलगडले, तेव्हा धाकटीने प्रथम विचारले ते असे, की आपली नदी यातली कोणती आणि मासे कोणत्या वळणावर. तिच्या बापाला ते सांगता आले नाही. गडावर ताक विकणाऱ्या एका बाईंनी हात लांबवून दिशा दाखवली, आणि मग बापही लेकीशेजारी उभा राहून ते वळण शोधू लागला.