टक्कल आणि रेशनचा गहू

डिसेंबर 2024च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड या गावांकडे डोक्यावरून हात फिरवला की केस मुठीत येऊ लागले. संशय आधी पाण्यावर, मग बुरशीवर, शाम्पूवरही! आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक नमुने घेऊन गेलं. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर मात्र रेशनच्या गव्हाकडे वळले. गहू धुऊन आणि न धुता, असा दोनदा तपासला. त्यांच्या अहवालानुसार किलोमागे तब्बल 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम हे खनिज, धुतल्यावरही 13.61. म्हणजे दोष वरच्या धुळीत नव्हे, दाण्यातच. रुग्णांच्या रक्त-लघवीतही ते वाढलेलं. फेब्रुवारी 2025मध्ये हे वर्तमानपत्रांत झळकलं. पण बातमी म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे. पद्धत आणि आकडे इतर तज्ज्ञांनी चाळून घ्यावेच लागतात. केसांसाठी सेलेनियमच्या गोळ्या कुणी सुचवल्या, तर आधी डॉक्टरांना विचारा. जास्त झालं तर तेच केस घालवतं.