आतला फोन बाहेर कुठून पडतो?

घाटकोपरहून चेंबूरला जाणारा प्रवासी कुर्ल्याला उतरतो, पूल ओलांडून हार्बरच्या फलाटावर येतो आणि गाडी बदलतो. त्यात वावगे काही नाही. पण घाटकोपरहून विक्रोळीला जाणाऱ्याला कोणी 'आधी कुर्ल्याला जा' म्हणाले, तर आपण त्याला हसू. विक्रोळी उलट्या दिशेला, अगदी पुढचेच स्थानक आहे! कार्यालयांच्या दूरध्वनी व्यवस्थेत मात्र असा उलटा प्रवास सहज घडतो आणि कधी तो जिवावरही बेतू शकतो.

एका कंपनीचे मुख्य कार्यालय कुर्ल्यात आणि शाखा नागपुरात आहे असे समजा. पूर्वी प्रत्येक कार्यालयाचे स्वतःचे छोटे एक्स्चेंज असे. आता पुष्कळदा मुख्य कार्यालयातला एकच संगणक दोन्हीकडचे फोन सांभाळतो. नागपुरात दाबलेले आकडे जाळ्यावरून कुर्ल्याला पोचतात आणि पुढची वाट हा संगणक ठरवतो.

कशावरून? एका तक्त्यावरून. पहिला आकडा २ असेल तर तीन आकडी क्रमांक कुर्ल्यातला, ५ असेल तर नागपुरातला, ० असेल तर फोन बाहेर जायचा. १ हा आकडा मुद्दाम राखून ठेवतात, कारण १०१ आणि ११२ हे आपत्कालीन क्रमांक त्याने सुरू होतात. उद्या १० हा कोणाचा अंतर्गत क्रमांक ठरवला, तर १ आणि ० दाबल्यावर संगणकाने लगेच घंटा वाजवावी की तिसऱ्या आकड्याची वाट पाहावी? म्हणून एक नियम पाळतात: एक पूर्ण क्रमांक दुसऱ्या क्रमांकाची सुरुवात असू नये.

आकड्यांवरून वाट निवडण्याची युक्ती जुनीच आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणारे आल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट १८९१ मध्ये मिळाले. तेव्हा यांत्रिक हात सरकत असे. आता तक्ता वाचला जातो.

खरी गोम पुढे आहे. तक्त्यात '० म्हणजे कुर्ल्याची लाइन' एवढेच लिहिले तर काय होईल? नागपूरचा कारकून ० दाबून गावातलाच सात आकडी क्रमांक लावील, पण तो कुर्ल्यातून बाहेर पडेल. मुंबईचे क्रमांक आठ आकडी, तेव्हा फोन लागणारच नाही. ही झाली गैरसोय. पण शाखेत आग लागली आणि कोणी १०१ लावला तर? उत्तर देईल मुंबईचे अग्निशमन दल! मदत केंद्राला दिसणारा क्रमांकही कुर्ल्याचाच असेल.

म्हणून तक्त्यात फक्त 'कोणाला' पुरत नाही, 'कुठून' हेही लागते. तेच ० कुर्ल्यात दाबले तर कुर्ल्याची लाइन, नागपुरात दाबले तर नागपूरची. १०१ आणि ११२ तर नेहमी जवळच्या लाइनीवरूनच जायला हवेत, आधी ० दाबलेले असो वा नसो. शिवाय कुर्ल्याशी संपर्क तुटला तरी हे फोन लावू शकेल असे छोटे उपकरण शाखेतच असावे.

'० दाबलेले नसो' हे शब्द महत्त्वाचे आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधील मार्शल गावी, एका मोटेलच्या खोलीत आईवर प्राणघातक हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा आपत्कालीन क्रमांक चार वेळा लावला. तिथून बाहेर फोन करायला आधी आणखी एक ९ दाबावा लागे, हे तिला ठाऊक नव्हते. फोन लागला नाही. आई वाचली नाही. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेत कायदा झाला: नव्या व्यवस्थांत ९११ थेट लागलाच पाहिजे.

हा विषय वर्गात खेळातून शिकवता येईल. एका विद्यार्थ्याला संगणक करा, दोघांना कुर्ला आणि नागपूरच्या बाहेरच्या लाइनी. बाकीचे दोन्ही कार्यालयांतले कर्मचारी. प्रत्येकाने चिठ्ठीवर क्रमांक लिहून द्यावा. 'संगणकाने' केवळ तक्ता पाहून ती पुढे पोचवावी. एखाद्या चिठ्ठीवर १०१ लिहा. ती चुकीच्या हाती गेली, तर तक्ता कुठे दुरुस्त करायचा हे मुलेच सांगतील.

आणि शाळेच्या कार्यालयातील फोनजवळ उभे राहून, क्रमांक न लावता, एवढे विचारून घ्या: 'इथून १०१ लावायचा तर आधी काय दाबायचे?' उत्तर सर्वांना ठाऊक नसेल, तर ते फोनवर चिकटवून ठेवा.