गरीब चेहऱ्याची करवत

घरच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात कमी धाक वाटतो तो बँडसॉचा. गोल पात्याची करवत सुरू झाली की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात. बँडसॉ नुसता घुमत राहतो. शिवाय त्याचं पातं वरून खाली धावतं, त्यामुळे लाकूड टेबलावरच दाबलं जातं. गोल करवतीवर लाकूड उलटं उसळून पोटात बसण्याची जी भीती असते, ती इथे जवळपास नाही. हौशी सुताराला पहिलं मोठं मशीन म्हणून अनेक जाणकार बँडसॉच सुचवतात, आणि ते बरोबरच आहे. पण या गरीब चेहऱ्यामागचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १४ इंची चाकांच्या मशीनवर साधारण २३७ सेंटिमीटर लांबीचं पातं बसतं आणि ते मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास पळतं. म्हणजे अख्खं पातं सेकंदाला सहा वेळा बोटांसमोरून जातं. मांसप्रक्रियेच्या कारखान्यांत हाडासकट मांस कापायला याच जातीचं यंत्र असतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

या यंत्राची कल्पना तशी जुनी. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०८ मध्येच पेटंट घेतलं होतं, पण पट्टीची दोन टोकं जोडून तयार केलेला वेढा चाकांवर टिकेना, सांध्यात तुटे. सांधा पक्का करण्याची रीत १८४६ मध्ये आन पोलिन क्रेपाँ या फ्रेंच बाईंनी काढली आणि पॅरिसच्या पेरँ यांच्या कारखान्याने ती विकत घेऊन यंत्र चालतं केलं. पातं आजही अनेकदा त्या सांध्यापाशीच दगा देतं.

बँडसॉची निम्म्याहून जास्त सुरक्षितता बटण दाबण्याआधीच ठरते. नवीन पातं चढवताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद असणं पुरेसं नाही. पात्याचे दात टेबलापाशी खालच्या दिशेने तोंड करून आहेत ना, हे बघायचं. उलटं चढलेलं पातं कापत नाही, लाकडाला नुसतं घासत राहतं. मग ताण द्यायचा आणि वरचं चाक हातानेच फिरवत राहायचं. पातं चाकाच्या मध्यावर धावेपर्यंत मागचा स्क्रू हळूहळू पिळायचा. त्यानंतर बाजूचे गाइड पात्याजवळ आणायचे: दोन्हीकडे एका कागदाच्या जाडीएवढी फट, आणि गाइडची कड दातांच्या खाचांच्या किंचित मागे. दात गाइडला घासले तर त्यांचं वळण जातं आणि पातं एका बाजूला ओढू लागतं. मागचं बेअरिंग रिकाम्या पात्याला टेकू नये. लाकडाचा दाब आला की मगच फिरावं. या साऱ्याला पाच-सात मिनिटं लागतात, आणि नेमकी तीच वाचवण्याचा मोह होतो.

वरचा गाइड लाकडापासून पाच-सहा मिलिमीटरवर उतरवायचा. त्याने पात्याला आधार मिळतो आणि उघडं पातंही तेवढंच उरतं. इंचभर जाडीची फळी कापताना गाइड सहा इंच वर ठेवला, तर पाच इंच दात उगाच मोकळे सोडल्यासारखं होतं.

दातांचा हिशेबही सोपा आहे. कापताना किमान तीन दात लाकडात हवेत. इंचाला तीन दातांचं पातं ६ मिलिमीटर प्लायवर घातलं तर दोन दातांमधलं अंतरच त्या प्लायपेक्षा जास्त होतं. दात प्लायला हिसका देतो आणि हात पुढे जातो. तिथे इंचाला चौदा दातांचं पातं लागतं. वळणाचंही तसंच. ६ मिलिमीटर रुंद पातं साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेतं, १२ मिलिमीटरचं ६५च्या आत वळत नाही. जबरदस्ती केली तर पातं पिळवटतं. वळणात अडकलेलं लाकूड मशीन चालू असताना मागे ओढलं, तर पातं पुढे खेचलं जाऊन चाकावरून उतरू शकतं. म्हणून आधी कडेपासून रेघेपर्यंत छोटे सरळ काप घ्यावेत. टाकाऊ तुकडे आपसूक गळत जातात आणि मागे यावंच लागत नाही.

इजा बहुतेकदा शेवटच्या इंचात होते. सबंध वेळ लाकूड पात्याला विरोध करत असतं, हात नकळत जोर लावत असतात. फळी संपते, विरोध एकदम नाहीसा होतो आणि अंगठा पुढे सरकतो. म्हणून शेवटचे दहा सेंटिमीटर ढकलकाठीनेच ढकलावेत, आणि कोणताही हात पात्याच्या रेषेत नसावा. दुसरं फसवं काम म्हणजे गोल दांडका. लाटण्यासारखा तुकडा नुसत्या हाताने धरला तर दात त्याला गरकन फिरवतात आणि बोटं सोबत जातात. त्यासाठी इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडलेला ठोकळा करून त्यात तुकडा घट्ट बसवावा. पोक आलेली फळीही डुलणार नाही अशीच टेकवावी.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते, विजेची. कापता कापता वीज जाते, माणूस चहाला जातो, बटण चालूच राहतं. वीज आली की मशीन आपोआप सुरू. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवला तर पुन्हा बटण दाबल्याशिवाय ते फिरत नाही. खर्चाच्या मानाने इतका उपयोगी भाग दुसरा नाही. अर्थिंग नीट असणं तर गृहीतच.

खंडेनवमीला मशीनला हार घालतात, चाकाच्या दाराला धागा बांधतात. पूजा व्हावी, पण मुहूर्ताचा काप घेण्याआधी झेंडूचा हार उतरवावा. सैल झब्ब्याच्या बाह्या, ओढणी, अंगठी यांनाही दूर ठेवावं. हातमोज्यांचा नियम मात्र उलटसुलट आहे: फिरत्या पात्यापाशी मुळीच नकोत, कारण धागा अडकला की हात ओढला जातो, थांबलेलं पातं हाताळताना मात्र हवेतच, सोबत चष्माही. भुशाकडे दुर्लक्ष नको. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच दिला आहे. एन-९५ मास्क आणि भुसा ओढणारा पंखा, दोन्ही हवेत.

एकसुरी घूं-घूं मध्ये टिक-टिक मिसळू लागली, तर बहुधा पात्याला चीर गेलेली असते. लगेच बंद करावं. पातं तुटलंच तर उजव्या अंगाला कुणी उभं असू नये, आणि दोन्ही चाकं पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नये. बटण बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहतात. तुटलेलं पातं कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराचा हात त्यावर पडतो. त्याची गुंडाळी करून तीन-चार ठिकाणी तारेने आवळावी आणि भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगूनच द्यावी.