शिवणीतली माया

तयार कपडा विकत घेणारा मनुष्य सहसा त्याची सुलटी बाजूच पाहतो. रंग डोळ्यांत भरला, पोत हाताला आवडला, की त्याचे समाधान होते. अनुभवी शिंपी मात्र सदरा हाती घेताच प्रथम तो उलटा करतो. कपड्याची खरी परीक्षा तेथेच होते.

उलट्या बाजूस शिवणीच्या कडेला कापडाची एक पट्टी आत राहिलेली दिसते. शिंप्यांच्या बोलीत तिला ‘माया’ म्हणतात. काटकसरीच्या भरात ही माया अगदी सुतभर ठेवली, तर थोडा ताण बसताच कडेचे धागे टाक्यांतून निसटतात आणि शिवण सुटते. पुरेशी माया असली म्हणजे शिवण टिकते. शिवाय अंग भरल्यावर कपडा सैल करता येतो. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या कपड्यांत तर ही गोष्ट फार मोलाची. चांगला शिंपी त्यांच्या बाहीच्या टोकाशी आणि खालच्या घेराला दोन-दोन बोटे कापड आत दुमडून ठेवतो. मनगट बाहीबाहेर डोकावू लागले, की दुमड उसवून बाही लांबवावी. त्याच सदऱ्यावर आणखी एक वर्ष निघते. जुन्या घडीची रेघ थोडे दिवस दिसते खरी, पण तीत लाजण्यासारखे काही नाही.

कापड कसे विणले जाते हे कळले, म्हणजे ते असे का वागते हेही कळते. मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले धागे म्हणजे ताणा आणि त्यांतून आडवा जातो तो बाणा. एक साधा सुती हातरुमाल घ्यावा. समोरासमोरच्या कडा धरून ओढला, तर तो फारसा लांबत नाही. तोच समोरासमोरचे कोपरे धरून ओढला, तर सहज लांबतो. कारण आता धागे लांबत नसून त्यांच्यामधील चौकटी तिरप्या होत असतात. शिंप्याची निम्मी विद्या या एवढ्याशा प्रयोगात आहे. बाही बेतताना ताणा खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ उतरावा लागतो. थोडे कापड वाचविण्यासाठी ती वाकडी कापली, तर काही धुण्यांनंतर बाही दंडाभोवती पिळल्यासारखी दिसू लागते. मग इस्त्रीचाही इलाज चालत नाही.

कापडाच्या याच गुणाचा जुन्या कारागिरांनी मोठ्या युक्तीने उपयोग करून घेतला. जुन्या धाटणीच्या सदऱ्यात अंगाचे व बाहीचे तुकडे जवळजवळ सरळच कापलेले असत. ते नुसते जोडले, तर हात वर करताच काखेत ओढ बसावयाची. म्हणून काखेत एक लहान चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा करून जोडीत. तो चौबगला. हात उचलला, की चौबगला तिरपा ताणला जातो आणि हात मोकळा होतो.

गोल कापलेल्या मुंढ्याचा सदरा आला, तेव्हा चौबगल्याची गरज उरली नाही. मुंढा जितका मोठा तितका हात मोकळा, असे पुष्कळांना वाटते. घडते नेमके उलटे. खोल मुंढ्याचा सदरा हात वर करताच कमरेपासून सगळाच वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ बसणारा असला, तर हात हलतो आणि सदरा जागच्या जागी राहतो. म्हणून नवा सदरा अंगात घातल्यावर आरशासमोर ताठ उभे राहून भागत नाही. फळ्यावर लिहावयाचे आहे असे समजून हात वर करावा, मांडी घालून बसावे. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकाशीच संपते ना, हेही पाहावे. कारण सगळा कपडा खांद्यावरून लोंबत असतो. बाही किंवा घेर मागाहून बदलता येतो. खांदा सुधारणे फार कष्टाचे.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, त्याचे मूळही मागापर्यंत जाते. विणताना व नंतरच्या कामांत धागे सारखे ताणलेले असतात. पाणी लागताच ते फुगतात आणि तो ताण सैल होतो. म्हणून कोरे कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळविण्याची रीत आहे. कापड यंत्राने आधीच आटवून घेण्याची युक्ती अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी काढली व १९३० साली तिचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून अशा कापडाला ‘सॅनफोराइज्ड’ म्हणू लागले. लोकरीची गोष्ट निराळी. तिच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात चोळले, की ते एकमेकांत गुंततात, आणि आटलेला स्वेटर मग पूर्ववत होत नाही.

धुण्यापूर्वी गुंड्या सोडून सदरा उलटा करावा. रंगीत कपडा वाळतही उलटाच घालावा, म्हणजे ऊन सुलट्या बाजूचा रंग खात नाही. खळ केलेला कपडा मात्र फार दिवस पेटीत ठेवू नये. खळीला कसर लागते.

एवढे जपूनही कॉलर घडीवर विरतेच, कारण मानेशी ती रोज घासते. अशा वेळी काटकसरी घरांतून सदरा टाकून देत नसत. शिंपी कॉलर उसवी, तिची आतली न घासलेली बाजू वर घेई आणि पुन्हा जागच्या जागी शिवून देई.